तेरा शून्यं

थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि गिऱ्हाईक जितकं आडमुठं तितका तो लवकर जिभेवर उतरायचा. सोमवारी सकाळी खिळे-बिजागऱ्या विकणारा दुकानदार आपला काटा काखोटीला मारून आला आणि तपासणीचा शिक्का मारून द्या म्हणून बसला. काट्याला काही झालेलंच नाही, असं त्याचं म्हणणं.

"बघा की, शून्यावर कसा ठाम उभा आहे. महिनाभर जरासुद्धा हललेला नाही."

"महिनाभर त्यावर काही ठेवलं होतं का?"

"छे हो! जादाचा काटा आहे. कपाटात ठेवला होता, म्हणून तर एवढा चांगला राहिलाय."

थोरलीनं पाच किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. शून्य. दहाचं ठेवलं. शून्यच. मग तिनं स्वतःचं कोपर त्यावर रोवलं, अंगाचा सगळा भार दिला आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मेलाय हा," ती म्हणाली. "मेलेला काटाही शून्यच दाखवतो. भार टाकल्याशिवाय काटा कळत नाही. तुम्ही धंदा करता की पूजा?"

हे वाक्य मूळ बाबांचं. पूजेचं शेपूट तिनं जोडलेलं. बाबा गेले तेव्हा काटे दुरुस्त करायचं हे दुकान, वजनांच्या तीन लाकडी पेट्या आणि धाकटा भाऊ असं सगळं तिच्या पदरात पडलं. हा प्रसंग आधी सांगायचं कारण एवढंच, की 'तिला बिचारीला ठाऊक नव्हतं' असं नंतर कुणी म्हणू नये. तिला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

धाकटा खरं तर तिच्यापेक्षा चांगला कारागीर. बोटांत जादू आणि डोक्यात हिशेब. ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यांचं काम तोच करायचा. जमिनीलगत लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याच्या चार कोपऱ्यांखाली वजन मोजणारे चार ठोकळे, आणि ते तपासायला खाली उतरायचा एक खड्डा. सहा वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीतल्या अशाच एका खड्ड्यात काम करता करता त्याची छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, श्वास लागेना. मी मरतोय, असं ओरडत तो वर आला. खाली काहीच घडलं नव्हतं. तेच तर त्याला पुढे कुणाला समजावता आलं नाही.

हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. पण झटके येतच राहिले. आधी खड्डा सुटला, मग बस, मग लिफ्ट, मग बँकेतली रांग, मग न्हाव्याची खुर्ची. वर्षभरात तो दुकानाच्या मागच्या खोलीतल्या टेबलापुरता उरला. हा चिंतेचा आजार आहे आणि तो बरा होतो, असं दवाखान्यात सांगितलं, आणि तो झालाही. एकदा नाही, दोनदा! पहिल्यांदा आठ महिने टिकला, दुसऱ्यांदा वर्षभर. दोन्ही वेळा घरच्यांनी हुश्श केलं आणि दोन्ही वेळा ये रे माझ्या मागल्या. या सहा वर्षांत मोठ्या काट्यांची सगळी कामं थोरलीनं केली. तिच्या गुडघ्यांना विचारा, ते सांगतील प्रत्येक खड्ड्याची खोली.

म्हणून तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आता मी लक्ष घालते. तुमच्या भरवशावर ठेवून बघितलं."

तिनं लक्ष घातलं म्हणजे वही आखली. दवाखान्यातल्या मॅडमनी धाकट्याला शिडी करून दिली होती: ज्या गोष्टीची कमी भीती ती खालच्या पायरीवर, सगळ्यात जास्त भीती ती वर, आणि रोज एकेक पायरी चढायची. भीती किती वाटली ते शून्य ते दहामध्ये लिहायचं. थोरलीनं या कामासाठी दुकानातल्या तपासणीच्या रजिस्टरसारखेच रकाने पाडले. तारीख, ठिकाण, भार, आकडा, शेरा. मॅडमना ती वही इतकी आवडली की त्यांनी तिचे फोटो काढून घेतले. थोरली त्या दिवशी घरी कुणाशी धड बोलली नाही, इतकी ती खूश होती.

आणि वही बोलत होतीच. पहिल्या महिन्यात बस, नऊ. दुसऱ्यात बस, सहा. तिसऱ्यात लिफ्ट चार, रांग तीन. चौथ्यात मात्र आकडे उतरले नाहीत, कोसळले. लिफ्ट शून्य. न्हावी शून्य. गर्दीची बस, तीही उभ्यानं, शून्य. सलग बारा शून्यं झाली होती. येत्या गुरुवारी शेवटची भेट. मॅडम फाइल बंद करणार, दवाखान्याचा कागद मिळणार आणि धाकटा पुन्हा बाहेरच्या कामावर जाणार. थोरलीनं मनातल्या मनात आपल्या गुडघ्यांना तसं कळवूनही टाकलं होतं.

सोमवारीच दुपारी भावजय दुकानात आली. ही धाकट्याची बायको, शेजारच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानात कामाला. जेवणाच्या सुट्टीत ती सहसा इकडे फिरकत नसे, कारण नणंदेशी बोलायचं म्हणजे जेवण अंगी लागत नाही, हा तिचा अनुभव.

"ताई, ह्यांचं लक्षण मला ठीक दिसत नाही."

"आता काय झालं?"

"सकाळी अर्धा तास एक मोजा हातात घेऊन बसले होते. एक पायात, एक हातात. काय झालं म्हटलं, तर म्हणाले काही नाही."

"भीती वाटत होती का त्याला?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? पोरगी शर्यतीत पहिली आली, धावत सांगायला गेली. 'बरं' म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ताट पुढे केलं तर जेवतात, नाही केलं तर विचारत नाहीत. चार दिवस तोच शर्ट अंगात आहे."

थोरलीनं हातातला पेचकस टेबलावर आपटला. "सहा वर्षं तो घाबरतो म्हणून रडलीस. आता घाबरत नाही म्हणून रडतेस. तुझं समाधान करायचं तरी कसं, ते सांग ना एकदाचं!"

"मला समाधान नकोय," भावजय म्हणाली. "नवरा पाहिजे."

हे बोलणं नवीन नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी भावजयीनंच हट्ट धरून धाकट्याला मॅडमना हे सांगायला लावलं होतं. मॅडम म्हणाल्या, ही उदासी आहे, ती शेजारच्या इमारतीत बघतात. पण आधी भीतीचं हातात घेतलंय ते पुरं करू, बरेचदा उदासी त्याबरोबरच जाते. तरी ही मंडळी शेजारच्या इमारतीत गेली. तिथल्या डॉक्टरांनी फाइल उलटीपालटी केली आणि म्हणाले, तिकडे उपचार चालू आहेत ना, ते संपले की या, दोन्हीकडे एकदम नको. झाली टोलवाटोलवी. भीतीवाले म्हणतात आधी आमचं, उदासीवालेही म्हणतात आधी त्यांचंच. मग त्याचं स्वतःचं कधी, हे विचारायला खिडकीच नव्हती. थोरली तेव्हा वरवर चिडली, पण आतून तिला बरंच वाटलं होतं. एक वही सांभाळताना नाकी नऊ आले होते, दुसरी कोण आखणार?

"गुरुवार जाऊ दे," ती भावजयीला म्हणाली. "एकदा कामाला लागला की हसायलाही लागेल. रिकामं बसून कुणीही कुजतं."

भावजय उठली. जाताना दार तिनं जरा जोरातच लावलं.

बुधवारी शिडीची शेवटची पायरी होती. तीच वखार, तोच खड्डा. योगायोगानं काम खरंच निघालं होतं. एका कोपऱ्याचा ठोकळा बदलायचा होता. त्यासाठी प्लॅटफॉर्मचा तो कोपरा जॅकवर उचलून धरायचा, जुना ठोकळा काढायचा, नवा बसवायचा. तेवढा वेळ काट्यावर काहीही आणायचं नाही. थोरलीनं दोन्ही बाजूंना तांबड्या पाट्या लावल्या, वखारीच्या मुकादमाला दोनदा बजावलं आणि वही काखेत धरून खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहिली.

धाकटा खाली उतरला. तिचं लक्ष त्याच्या हातांवर. थरथर नाही. श्वास संथ. त्यानं जुना ठोकळा काढला, पुसला, बाजूला ठेवला. थोरलीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. सहा वर्षं!

आणि मागून ट्रक आला.

तांबडी पाटी कुणीतरी फळ्या उतरवताना बाजूला सरकवली होती. ड्रायव्हरला वाटलं काटा मोकळा आहे. पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर चढली, सगळं लोखंड कण्हलं आणि जॅक एका अंगाला कलला. थोरली किंचाळली. मुकादम हात हलवत धावला. "बाहेर ये! अरे बाहेर ये!" असं ती ओरडत होती, आणि खाली धाकटा होता तिथंच उकिडवा बसून होता. वर बघत होता. डोक्यावरचं पत्र्याचं छत गळतंय का, हे बघावं तसा. शिडी त्याच्यापासून दोन हातांवर होती.

ड्रायव्हरनं ट्रक मागे घेतला. जॅक टिकला. धाकटा थोड्या वेळानं उठला, पाना पेटीत ठेवला, शिडी चढून वर आला आणि फडक्याला हात पुसू लागला.

मग थोरलीनं काय करावं? सवय म्हणजे सवय. तिनं वही उघडली.

"किती?" तिनं विचारलं.

"शून्य," धाकटा म्हणाला.

तिनं शून्य मांडलं. वर "शाब्बास रे" असंही म्हणाली. तेरावं शून्य.

दुपारी दुकानात परत आल्यावर तिनं राहिलेले रकाने भरायला घेतले. धाकटा मागच्या खोलीत टेबलाशी बसला होता, त्याच्यापुढे चहा निवत होता. ठिकाण: वखार, खड्डा. भार: कोपरा जॅकवर, वर ट्रक. आकडा: ०. मग शेरा. पंचवीस वर्षं रोज हेच रकाने भरणारा हात, तो तिच्या डोक्याची वाट थोडाच बघतोय? एवढा भार, आकडा शून्य. म्हणजे शेरा काय, ते हाताला पाठ होतं. 'नापास. काटा अडकलेला' एवढं लिहून होईपर्यंत तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग आलं.

ती लिहिलेल्याकडे बघत राहिली. मागची पानं उलटली. लिफ्ट, न्हावी, बस, रांग. चौथ्या महिन्यातल्या त्या रांगेत एकानं त्याला धक्का देऊन मागे ढकललं होतं आणि हा तसाच मागे सरकून उभा राहिला होता. तेव्हाही तिनं कौतुकानं शून्य लिहिलं होतं. सोमवारी त्या बिजागरीवाल्याला मूर्ख ठरवणारी हीच बाई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं वही भिंतीवर फेकली. ती वजनांच्या पेटीवर आपटून खाली पडली. मागच्या खोलीतून धाकट्यानं काय झालं म्हणूनही विचारलं नाही.

ती आत गेली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"ट्रक आला तेव्हा काय वाटलं तुला?"

"काही नाही."

"शिडी शेजारीच होती. उठला का नाहीस?"

त्यानं चहाचा कप बोटानं बाजूला सरकवला. "कंटाळा आला," तो म्हणाला.

"कसला?"

"उठायचा. म्हटलं, येतोय तर येऊ दे."

थोरलीनं स्टूल आणखी पुढे ओढलं.

"मी खोटं नाही लिहवलं, ताई," तो पुढे म्हणाला. "तू किती विचारायचीस, मी आत बघायचो. खरंच काही नसायचं. तू खूश व्हायचीस. वाटायचं, हेच बरं होणं असेल."

"मागच्या दोन वेळी?"

"तेव्हाही असंच. आधी भीती कमी झाली. मग सगळंच कमी झालं. मग अंथरुणातून उठणं नको वाटायचं. महिना महिना बाहेर पडायचो नाही. आणि मग एक दिवस बाहेर पडलो की भीती परत दारात उभी. तुम्ही म्हणायचात, पुन्हा भीतीनं गाठलं. ती नंतर यायची, ताई. आधी हे यायचं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो की. दोन्ही इमारतींत बोललो."

हे खरं होतं. आणि तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे तिच्याशी, बोलायची सोयच नव्हती, कारण तिथं फक्त आकडा घेतला जायचा. तिनं त्याचा गार झालेला चहा उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला. मग उठून भावजयीला फोन लावला.

"लगेच ये," ती म्हणाली. "आणि ऐक. तू सोमवारी म्हणालीस ते बरोबर होतं." पलीकडून भावजयीनं "काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं.

गुरुवारपर्यंत दोघींनी त्याला एकटं सोडलं नाही. दवाखान्यात तिघंही गेले. मॅडम तरुण होत्या, हसऱ्या होत्या, फाइल उघडून तयार बसल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडायला सोपं गेलं असतं.

"अभिनंदन!" त्या म्हणाल्या. "नऊवरून शून्यावर. असा आलेख आम्हाला रोज बघायला मिळत नाही."

"फाइल बंद करू नका," थोरली म्हणाली. "नोंद चुकीची आहे."

"चुकीची कशी? तुम्हीच तर..."

"मीच. म्हणूनच सांगतेय." आणि तिनं वखारीतला प्रकार सांगितला. जॅक, ट्रक, दोन हातांवरची शिडी. मॅडमचं हसू विरलं. त्यांनी धाकट्याकडे बघितलं, पण सवयीचं वाक्य तोंडातून निघून गेलंच.

"याच्यासाठी तुम्हाला शेजारच्या इमारतीत जावं लागेल. मी चिठ्ठी देते. तिथं सध्या पाच आठवड्यांनंतरची तारीख..."

"पाच आठवडे!" थोरलीचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "सहा वर्षं आम्ही या दवाखान्याच्या फरशा झिजवतोय. भीती इथं, उदासी तिथं! डोकं एकच आहे ना माणसाचं? का ते पण तुम्ही वाटून घेतलंय? तुम्ही अर्धा माणूस बरा करून पाठवता, मग उरलेला अर्धा त्याला पुन्हा आजारी पाडतो, आणि दर वेळी आमचे पहिले पाढे पंचावन्न!"

"ताई," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. नाही, गप्प नको बसूस. सांग त्यांना. माझ्या वहीत नको सांगूस, त्यांना सांग."

मॅडमनी फाइल मिटली. खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "मी तुम्हाला सरळ विचारते," त्या म्हणाल्या. "आपण नसलो तर बरं, असं वाटतं का?"

धाकट्यानं बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे. मग हो म्हणून मान हलवली. भावजयीनं त्याचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

मॅडमनी चिठ्ठी लिहिली नाही, फोन उचलला. पलीकडचा माणूस तारखांबद्दल बोलत असावा, कारण त्या दोनदा "नाही, आज" म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या थोरलीच्या आवाजात "आज!" म्हणाल्या. मग फोन ठेवून त्या उठल्या. "दोन महिन्यांपूर्वीच मी हे करायला हवं होतं. चला, मीही येते. आम्ही दोघं डॉक्टर एकाच खोलीत बसून बघू."

थोरलीला आणखी चार शब्द सुनवायचे होते. ते तिनं गिळले, फार कष्टानं.

दोन इमारतींमधलं अंगण चाळीस पावलांचं. पलीकडे एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, टोकाला पांढरं दार. मॅडम आधी आत गेल्या. हे तिघं बाकावर. एक तास गेला. शिपाई दोनदा येऊन तुमचा नंबर नाही म्हणून गेला आणि दोन्ही वेळा थोरलीच्या नजरेनं परत फिरला. काहीही बरं झालेलं नव्हतं. आज काही बरं होणारही नव्हतं. उद्यापासून पुन्हा गोळ्या, पुन्हा तारखा, पुन्हा शिडी, कदाचित खालून पहिल्या पायरीपासून. थोरलीच्या गुडघ्यांना अजून किती खड्डे आहेत, कुणास ठाऊक. या विचारानं तिला रडू येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता.

दार उघडलं. मॅडमनी आत बोलावलं.

धाकटा उठला, चार पावलं गेला आणि थांबला. त्यानं भिंतीला हात टेकला. कपाळावर घाम होता. पाठ वरखाली होत होती. भावजय घाबरून थोरलीकडे बघू लागली.

"ताई," तो म्हणाला, "माझे हात थरथरतायत."

थोरली उठून त्याच्याजवळ गेली. त्याचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. खरंच थरथरत होता.

"आत गेल्यावर काय म्हणतील," तो म्हणाला. "पोरीला कळलं तर काय वाटेल. मला भीती वाटतेय."

"किती?" सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं डोळे मिटले, जरा वेळ आत बघितलं.

"तीन," तो म्हणाला. "नाही, चार."

सहा वर्षं जी बाई एका शून्यासाठी जिवाचं रान करत होती, तिनं तिथं बोळात, शिपायादेखत, भावाच्या गालावरून हात फिरवला आणि ढसाढसा रडली. वही पिशवीत होती. ती तिनं काढली नाही.

"चार," ती म्हणाली. "बरं आहे. चल आत."